विहिरीत टाकलेले साडेपाच तोळे

आमच्या घरात शाईची दौत माझ्यामुळे आली. अशा माणसाने लिहायला बसावे हे धाडसच, वाचकांनी क्षमा करावी. पण हा हिशेब मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

वाशीमजवळ आमची भाजीची वाडी होती आणि तिच्यात पायऱ्यांची विहीर. इंटरला असताना उन्हाळ्यात घरी आलो, तेव्हा बाप पाय पसरून बसलेला. घोट्यातून निघालेला नारूचा पांढरा दोरा बाभळीच्या काडीला गुंडाळला होता. आई रोज काडीला अर्धा वेढा देई. ओढला तर आत तुटतो.

"हा मागच्या साली पेलेल्या पान्यातून आला," मी म्हणालो.

"आन तवर कुठं राह्यते थो?" धाकट्या बहिणीने विचारले.

"अंगात."

तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

नारू पाण्यातल्या बारीक किड्यांबरोबर पोटात जातो आणि मोरचुदाने ते किडे मरतात, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले होते. तीव्रताही लिहून दिली होती: लिटरला मोलचा एक लक्षांश. मी दोरीने विहीर मोजली. चाळीस हजार लिटर, म्हणजे शून्य पूर्णांक चार मोल. पुस्तकातल्या कोष्टकात मोरचुदाचा रेणुभार होता एकशे साडेएकोणसाठ. गुणाकार चौसष्ट ग्रॅम, साडेपाच तोळे.

भर दुपारी मोरचुदाच्या निळ्या खड्यांची पुरचुंडी दोरीला बांधून पाण्यात फिरवली. निळी रेघ खाली खाली गेली आणि दिसेनाशी झाली. बेडूक गप्प झाले.

"पाह्य ना दादा," बहीण म्हणाली, "पानी आपल्याकडंच पाहून राह्यलं."

दोन दिवसांनी आई घागरीवर चौपदरी फडका धरून पाणी गाळत होती.

"आता गाळू नको, माय."

"काहून? कालेजात गाळून नाही पेत का तुमी?"

"दवा टाकली ना म्या."

फडका दोरीवर वाळत पडला. बहीण हसत पहिली ओंजळ प्याली. मीही प्यालो.

तीन आठवड्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेच निळे खडे हातात आले. बाटलीवर रेणुभार होता दोनशे साडेएकोणपन्नास. माझा आकडा कोरड्या पांढऱ्या भुकटीचा होता. खड्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नुसते पाणी असते. विहिरीत शंभर ग्रॅम हवे होते.

त्याच दिवशी पत्र टाकले: आणखी तीन तोळे टाका, पाणी गाळून प्या. गावच्या मास्तरांनी ते वाचून दाखवले, घरच्यांनी तसे केले. पण तीन आठवडे न गाळलेले पाणी पिऊन झाले होते, हे मी लिहिले नाही. वर्षभर वर्गात बसल्या बसल्या स्वतःचा घोटा चाचपत राहिलो. मला काही झाले नाही.

वैशाखात मास्तरांचे कार्ड आले. बहिणीची सासरी पाठवणी थांबली आहे. पोटरीवर फोड आला होता, गार पाण्यात पाय ठेवताच पांढरे टोक दिसले. आईने काडी लावली आहे. खाली मास्तरांनी तिचे शब्द तसेच उतरवले होते: "दादाले विचारा, आतमंदी अजून किती हाय, थे हिशोबानं सांगता येते का."