मावशीचं ऊन

ऊन कच्चं असतं, पिकतं आणि नासतंही, हे मला मावशीने शिकवलं. सकाळी गच्चीचं दार उघडून ती आधी नुसता तळहात बाहेर काढायची, तवा तापलाय का बघावं तसा, आणि निकाल द्यायची, "कच्चं आहे अजून." दहानंतर ऊन पिकायचं. मे महिन्यात आभाळ भरून आलं, हवा चिकट झाली की तेच ऊन तिच्या लेखी नासलेलं. "नासक्या उन्हात मिरची टाकली तर तिला बुरशी धरते आणि माणूस टाकला तर तो बायकोशी भांडतो," असं तिचं मत होतं. उन्हाच्या नावाने अख्खी बोरीवली बोटं मोडते. त्याची प्रतवारी लावणारी बाई मी ही एकच पाहिली.

आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी मावशीचं कौलारू घर होतं. ती आमच्या नात्यातली नव्हती, सगळ्या इमारतीची मावशी होती. गावठाणातलं जुनं ख्रिस्ती कुटुंब, अंगणात विहीर आणि क्रूस. त्यांच्या घरातली बोली वेगळी, आमच्याशी मात्र ती चारचौघांसारखं मुंबईचं मराठी बोलायची. बिल्डरला जागा दिली तेव्हा सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. पुढे नवरा वारला, मुलगी कॅनडाला गेली आणि मावशी एकटी उरली. अंगण गेलं म्हणून तिने गच्ची ताब्यात घेतली. परवानगी वगैरे मागण्याचा प्रश्न नव्हता. "गच्ची सोसायटीची असेल, ऊन माझ्या अंगणातलंच आहे, फक्त थोडं वर आलंय," एवढं बोलून तिने विषय संपवला होता.

एप्रिल लागला की तिच्या मिरच्या वर यायच्या. काश्मिरी रंगासाठी, ब्याडगी वासासाठी, रेशमपट्टी जिभेला जाग यावी म्हणून. त्यांचा बाटलीचा मसाला व्हायचा. उन्हात कडकडीत वाळवायचं, खडे मसाले भाजायचे, कुटायचं आणि बिअरच्या काळ्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचं. बाटल्या ती दारोदार मागायची. आमच्या आईने पहिल्या वर्षी "आमच्याकडे नसतात हो असल्या" असं तोऱ्यात सांगितलं. मावशी बाबांकडे बघून नुसती हसली आणि दुसऱ्या दिवशी आईच्या माळ्यावरून आईला माहीत नसलेल्या बाटल्या निघाल्या. इमारतीत कोण किती पितो हे मावशीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, पण ते तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. त्या बदल्यात घरटी मसाल्याची एक बाटली यायची. आईच्या आमटीला एकादशी सोडून वर्षभर तोच मसाला.

माझं काम तिला कधी पटलं नाही. मी डेटा सेंटरमध्ये आहे, तिथली यंत्रं थंड ठेवण्याचं खातं माझ्याकडे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती मिरच्या उलटायची थांबली.

"म्हणजे माणसं इथे घामाने भिजतायत आणि तू मशीनला वारा घालतोस?"

"मशीन तापली तर बंद पडतात गं मावशी."

"आणि माणसं काय चालू राहतात?"

मोबाईलचा मात्र तिला भारी लळा. त्यातल्या बोलणाऱ्या बाईला ती काय वाटेल ते विचारायची, कॅनडात आता किती वाजले इथपासून शेजारच्या मांजराला पिल्लं कधी होतील इथपर्यंत. एकदा मसाल्याची कृती विचारली. बाईंनी ऐटीत सांगितली. मावशीने ऐकून घेतली आणि म्हणाली, "गोड बोलते रे, पण हिला नाक नाही." मग मी तिला समजावलं की ही उत्तरं माझ्यासारख्यांच्या थंड केलेल्या इमारतींतून येतात, त्याला वीज लागते, कुठे कुठे पाणीही लागतं. त्या दिवसापासून तिने गप्पांपुरते प्रश्न बंद केले. "उगाच नाही उठवायचं तिला. कामाचं असेल तर विचारायचं."

मग आमच्या सोसायटीने सोलर घ्यायचं ठरवलं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, त्यात खाली चार्जिंगला लागणाऱ्या गाड्या. सेक्रेटरी शहाभाई या कामाने झपाटले होते. कोळसा जाळून मुलांसाठी काय ठेवणार, असं ते सभेत कळवळून बोलायचे आणि ते मनापासून असायचं. मावशी सभेत उठून उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता भांडण. पण ती एवढंच म्हणाली, "चांगलं काम आहे. करा. मला मिरचीपुरती जागा ठेवा."

कमिटीने तिचा मान राखायचं ठरवलं. मीही कमिटीत होतो. जास्तीचा खर्च करून आम्ही पॅनल उंच लोखंडी सांगाड्यावर बसवले, म्हणजे खालची फरशी सगळीच्या सगळी मोकळी. शहाभाईंनी मावशीला हाताला धरून वर नेलं. "बघा मावशी, पूर्ण गच्ची तुमची. एक इंच पण नाय घेतला."

मावशी पॅनलखाली उभी राहिली. वर बघितलं, खाली बघितलं, तळहात पुढे केला. गच्चीभर गार सावली होती.

"जागा दिलीत रे," ती म्हणाली. "ऊन कुठाय?"

अकाउंटंट, बँकेतले दोन निवृत्त साहेब आणि इंजिनियर म्हणवणारा मी, एवढी मंडळी सहा महिने नकाशावर खल करत होती. मिरचीला फरशी नाही, ऊन लागतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती खाली गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर आठवड्याभरात शहाभाईंच्या मोबाईलवरचा विजेचा आलेख भर दुपारी आपटायला लागला. ते दिवसातून पन्नास वेळा तो आलेख बघत, त्यामुळे त्यांचा जीव वरखाली. कंपनीचा माणूस बोलावला. त्याच्यामागून आम्ही गच्चीवर गेलो तर पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर मावशी बसलेली, डोक्यावर ओला टॉवेल. ओट्यावरून हाताला येणाऱ्या पॅनलांवर तिने जुन्या चादरी चिमट्यांनी बांधल्या होत्या आणि त्यांवर लालभडक मिरच्या पसरल्या होत्या.

"मावशी, हे काय केला तुमी?" शहाभाईंचा आवाज रडवेला झाला होता.

"काय केलं? तेही ऊनच खातात, ह्याही ऊनच खातात. एका ताटात जेवू दे की."

कंपनीचा माणूस हसून हसून खाली बसला. एका पॅनलवर सावली आली तरी अख्खी ओळ ढेपाळते, असं त्याने समजावलं. मावशीने ऐकून घेतलं आणि लगेच चिमटे काढायला लागली. तेव्हा शहाभाईंनीच तिचा हात धरला. दक्षिणेच्या कोपऱ्यातले चार पॅनल त्यांनी उतरवायला लावले आणि जिन्याखाली ठेवले. तेवढा चौकोन मावशीचा झाला. आलेखात तेवढी वीज कमी दिसायची आणि शहाभाई रोज ते बघून सुस्कारा टाकायचे. पण मसाला झाला आणि शाकाहारी शहांच्या घरीही बाटली गेली.

ऊन मात्र पूर्वीचं राहिलं नव्हतं. फेब्रुवारीतच पिकायचं, मे यायच्या आधीच नासायचं, मध्येच एखादी भलती सर येऊन मिरच्या भिजवायची. मोबाईलवर उष्णतेचे इशारे यायला लागले. मी तिला वर जाऊ नको म्हणालो तर ती म्हणाली, "मोबाईल सांगतो घरात बस, मिरची सांगते वर ये. मिरचीला मी जास्त वर्षं ओळखते." कबुतरं हाकलत ती तिथेच बसायची. अशाच एका दुपारी ती ओट्याजवळ पडलेली सापडली. ऊन लागलं होतं. वाचली, पण मुलगी आली आणि तिला घेऊन जायचं ठरवूनच आली. निघताना मावशी सगळ्यांच्या दारात उभी राहिली. मला म्हणाली, "त्या मशीनला वारा घाल, पण स्वतः पण जरा वाऱ्याला बस रे." मला रडू आवरलं नाही, आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये तिचा व्हिडिओ कॉल आला. अंगात जाड स्वेटर, मागे खिडकीत बर्फ. "इथे ऊन दिसतं, लागत नाही," म्हणाली. मग तिने गच्चीवर न्यायला सांगितलं. मी आणि शहाभाई वर गेलो, मी मोबाईल कोपऱ्याकडे धरला. रिकामी फरशी रणरणत होती.

"पिकलंय," मावशी म्हणाली. मग, "वाया जातंय रे ते. मी काय आता येत नाही. शहाभाई, लावून टाका तुमचे चार पत्रे."

"हो मावशी, लावतो," शहाभाई म्हणाले.

नाताळच्या आधी ती तिकडेच देवाघरी गेली. तिच्या हातची शेवटची बाटली आमच्याकडे तळाशी आली होती. आईने ती वापरायची बंद केली आणि आमटी फिकी खायला लागली.

यंदाच्या वार्षिक सभेत तिसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या गृहस्थांनी प्रश्न काढला. चार पॅनल जिन्याखाली धूळ खात पडलेत, गच्चीचा कोपरा रिकामा आहे, गाड्यांना वीज पुरत नाही, मग बसवत का नाही? प्रश्न अगदी रास्त होता. त्या कोपऱ्यात आता कधीमधी कुणाच्या कुरडया असतात, एरवी नुसतं ऊन. सगळ्यांनी शहाभाईंकडे पाहिलं. युनिट-युनिटसाठी जीव टाकणारा तो माणूस चष्मा पुसत राहिला.

"त्या कोपऱ्यात सावली पडते," ते म्हणाले. "पॅनल तिकडे चालणार नाय."

आमच्या दक्षिणेला शाळेचं मैदान आहे, दिवसभर सावलीचं नाव नाही. हे सभेतल्या प्रत्येक जुन्या माणसाला माहीत होतं. मग कोपरा आहे तसाच ठेवायचा, याला अनुमोदन कोण देतंय, असं अध्यक्षांनी विचारलं. मी इंजिनियर आहे. मी हात वर केला.