दोन सेकंदांचं चाक

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते सातवीच्या वर्गात, वह्या वाटताना. बाकीच्या मुली हजेरीच्या क्रमाने वह्या उचलत आणि वर्गभर वणवण करत. हिने आधी गठ्ठा बाकांच्या ओळीप्रमाणे लावून घेतला आणि एका फेरीत काम उरकलं. "बाई, पायांना कशाला त्रास?" म्हणाली. मी तिला आळशी ठरवलं. आम्हा शिक्षकांचे अंदाज असे पक्के असतात.

पुढे ती गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका मोठ्या गोदामात कॉम्प्युटरच्या कामाला लागली, वर्षभराच्या करारावर. यादीत चाळीस लाख नोंदी. एका इंजिनाचे सगळे भाग त्यातून शोधायला मशीनला चार सेकंद लागत. "हे कमी करून दाखव, कायम करतो," असं साहेबांनी सांगितलेलं.

"बाई, मशीन मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही, शेजारशेजारचे मूठभर एकदम आणतं," तिने मला चहा पिता पिता समजावलं. "आणि आमच्या सूचीतले आकडे दहा दिशांना पांगलेले. प्रत्येक मुठीत दाणा एक, बाकी भुसा."

शोधाच्या वाटेवर लागणारे आकडे तिने एकमेकांना खेटून बसवले. सहा महिने गेले. तेवढ्या काळात तिचा नवरा स्वयंपाक शिकला. उत्तर पापणी लवायच्या आत येऊ लागलं.

तिसऱ्याच दिवशी काउंटरवरच्या मामांची लेखी तक्रार आली: मशीन शोधत नाही, ठोकून देतं.

"मामा, एकदा तरी चुकलं का?"

"चुकलं नाही गं. पण बोट उचलायच्या आत उत्तर? इतक्या घाईत कोणी खरं बोलतं का?"

मामा प्रत्येक नंबर मशीनला दोनदा विचारत, वर मागे जाऊन फडताळात डोकावून येत. गिऱ्हाइकांची रांग दुप्पट झाली. साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत हे निस्तर, नाहीतर जुनंच परत बसवू. मग तुझ्या नोकरीचंही अवघड आहे."

गुरुवारी तिने पडद्यावर एक गोल चाक बसवलं. उत्तर आत तयारच. चाक दोन सेकंद नुसतं फिरायचं. मामांनी हाताची घडी घालून ते पाहिलं.

"आत्ता कसं! शोधतंय बघ बिचारं."

शुक्रवारी दुपारीच रांग ओसरली. कायम केल्याच्या पत्रात साहेबांनी कारण लिहिलं, 'यंत्रणा विश्वासार्ह केल्याबद्दल.'

ती अजून तिथेच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला, कोणाला न सांगता, ती चाकाचा वेळ किंचित कमी करते. सध्या ते सव्वा सेकंदावर आलं आहे.