जोत्याची उंची

मी भूगोल घेतला तेव्हा घरच्यांना वाटलं, गणित टाळायला घेतला. खरं तर भूगोलातलं गणितच मला आवडायचं. नकाशाचं प्रमाण, जमिनीचा उतार, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. पुढं कॉलेजात तेच शिकवत राहिले.

दादा निवृत्त झाला आणि त्यानं कसबा बावड्यातल्या आमच्या मळ्यात घर बांधायचं ठरवलं. आईला शहरातल्या फ्लॅटमध्ये करमत नव्हतं. तिला दारात म्हैस हवी होती. पण मळा नदीच्या अंगाला. मला धाकधूक वाटायला लागली, म्हणून एका रविवारी मी कॉलेजातली तिपाईवरची दुर्बीण आणि आकडे रंगवलेली उंच पट्टी घेऊन गेले. मागच्या महापुराचं पाणी कुठवर चढलं होतं, त्याची खूण वाटेवरच्या देवळाच्या भिंतीवर होती. तिथून मोजत, बेरजा-वजाबाक्या करत मळ्यापर्यंत आले. दादा पट्टी धरून हसत उभा होता. उत्तर सरळ निघालं. तसाच पूर आला, तर घराच्या खिडक्या पाण्यात जाणार होत्या.

मी म्हटलं, जोतं पुरुषभर उचल. तो म्हणाला, मग आई एवढ्या पायऱ्या चढणार कशी? आणि हसणं थांबवून त्यानं विचारलं, "तसला पूर दरसाल येतोय व्हय?"

पाणी कुठवर येईल ते मला काढता येत होतं, कधी येईल ते नाही.

घर बुटक्या जोत्यावरच उभं राहिलं. दोन पावसाळे आई तिथं सुखात राहिली. तिला कमी दिसायचं, पण सकाळी कट्ट्यावर बसून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकायची आणि आज दूध कमी की जास्त ते सांगायची.

तिसऱ्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले आणि पंचगंगा मळ्यात शिरली. दादानं म्हशीचं दावं सोडलं, आईला उचलून नावेत बसवलं आणि माझ्याकडं आणलं. म्हैस सापडली नाही. आम्ही आईला सांगितलं, पावण्यांकडं नेऊन बांधलीय. तिला ते पटलं नव्हतं. एकदा मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "तुझ्या दुर्बिणीतनं दिसती का बघ की." मी बरं म्हटलं. नंतर तिला ताप आला, छातीत कफ भरला. मळ्यातला चिखल वाळायच्या आत ती गेली.

तिचे दिवस झाल्यावर आम्ही दोघं घर धुवायला गेलो. पाण्याची मातकट रेघ खिडकीच्या चौकटीवर होती. दादानं तिच्यावर हात ठेवला.

"तू सांगिटलंतंस तितंच आलंय," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं. शिकवताना उत्तर बरोबर आलं की मला केवढा आनंद व्हायचा. त्या दिवशी वाटलं, एखादी वजाबाकी चुकली असती तर! मी बादली उचलली.

दादा परत तिथं राहायला गेला नाही. आता तो शहरातल्या फ्लॅटमध्येच असतो. शेजारच्यांनी गॅलरीतनं, यंदा पाणी कितपत चढेल, असं विचारलं, की तो उठून आत जातो.