नकाशात बोंबील

"ही जागा रिकामी कुणी दाखवली?" साहेबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

"मी."

टेबलापलीकडे वरळी कोळीवाड्यातल्या हिराबाई उभ्या होत्या. त्यांच्या वाड्यासमोरच्या पटांगणात गोदामं बांधायचा प्रस्ताव होता आणि नकाशा दुसऱ्या दिवशी मंजुरीला जायचा होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी शहराच्या प्लॅनिंग ऑफिसात सर्व्हेअर होतो. आमचं काम लँड यूजचं, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरतात ते फिरून बघायचं आणि नकाशात रंग भरायचे. घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, बागा हिरव्या. काहीच नसेल तिथे कोरं. ते पटांगण मी स्वतः पाहिलं होतं. तिथे काही नव्हतं. शिवाय माझ्या कामाची मला घमेंडही होती.

"तू कवा आलेलास रे?" हिराबाईंनी विचारलं.

"आषाढात."

"मंग काय दिसल? पावसात होड्या वर वढलेल्या. पाऊस गेल्यावर ये. बांबू रोवून दोऱ्या बांधतो, त्याच्यावर बोंबील सुकवतो. सगल्या वाड्याचा पोट हाय त्याच्यावर. मुंबई आमची म्हनून मोर्चे काढता, आन कोल्यालाच जागा नाय?"

मोर्च्यात मीही होतो. गिरगावात वाढलो, सुके बोंबील आवडीने खाल्ले, पण ते सुकतात कुठे हे कधी विचारलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब म्हणाले, "जांभळा भरा. उद्योगच आहे."

"जांभळा दिला तर उद्या तिथे कारखाना येईल, साहेब. हिरवा दिला तर बाकं टाकतील."

"मग कोणता? आपल्या यादीत मासे नाहीत."

"यादीत घालू या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग हिराबाईंकडे. "शाई आणा," म्हणाले.

जागेवर तिरप्या रेघा मारल्या. यादीत तळाशी लिहिलं : मासे सुकवण्याची जागा. नकाशा चार दिवस उशिरा गेला. त्याबद्दलची बोलणी साहेबांनी मुकाट्याने खाल्ली. गोदामं शिवडीकडे सरकली. दिवाळीनंतर मी मुद्दाम वरळीला गेलो, तर पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. फार बरं वाटलं, वासासकट.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत सर्व्हेच्या कागदावर तारखेशेजारी मी ऋतूही लिहीत राहिलो. फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून समासात.