क्रॉसिंग होऊ दे, मग सांगतो

झरीच्या शाळेत परिपाठ चालू होता आणि पर्समधला फोन थरथरत होता. मुलं प्रतिज्ञा म्हणत होती म्हणून मी घेतला नाही. तो पुन्हा वाजला. शेवटी व्हरांड्यात जाऊन घेतला, तर पलीकडे रजियाभाभी, पूर्णेला माझ्या धाकट्या भावाच्या शेजारी राहणाऱ्या. "आक्का, मिलिंदभाई दरवाजा नै खोल रहे. दूध की थैली बाहरच पडी है..." पुढचं मी नीट ऐकलं नाही. दुधाची पिशवी उन्हात पडू देणारा माणूस तो नव्हता, त्यामुळे सांगायचं ते त्या पिशवीनंच सांगितलं होतं. झोपेतच गेला, हृदय बंद पडलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. बुधवार होता. रविवारी दुपारी मी त्याच्याजवळ बसून उठले होते, आणि आमचं एक बोलणं अर्धवट राहिलं होतं.

मिलिंदनं लग्न केलं नाही. का, ते त्याला कधी सांगता आलं नाही आणि पुढे पुढे कोणी विचारलंही नाही. पूर्णेच्या एका पतसंस्थेत तो क्लार्क होता. मी परभणीत. आमचे हे गेले त्याला बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी नगरकडे. त्यामुळे दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी पूर्णेला जायचे, भाकरी-पिठलं किंवा मासे घेऊन, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. एका घरात दोन एकटी माणसं एक दिवस एकत्र बसली की दोघांचाही आठवडा ढकलला जातो, हे आम्हाला न बोलता कळलं होतं. लोक विचारायचे, काय करता दिवसभर? मी सांगायचे, रेल्वे चालवतो. त्यांना वाटायचं आक्का चेष्टा करतेय. पण आम्ही खरंच रेल्वे चालवायचो.

त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर होता. विंडोजची नवी आवृत्ती त्या मशीनवर बसेना, तेव्हा पतसंस्थेतल्या कोणीतरी सुचवलं म्हणून त्यानं त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. सगळं झकास चाललं, फक्त त्याचा जीव की प्राण असलेला रेल्वेचा गेम चालेना, कारण तो केवळ विंडोजसाठी केलेला. त्या गेमसाठी कोणा हौशी माणसानं परभणी ते नांदेड हा आपला मार्ग बनवून इंटरनेटवर ठेवलेला होता, जुन्या दिवसांतला, एकेरी लाइनचा. पूर्णेच्या पुढचं चुडावा स्टेशन त्यात होतं. आमचे बाबा चुडाव्याला गेटमन होते, आम्ही दोघं तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. तेव्हा तो गेम सोडणं त्याला शक्यच नव्हतं. मला म्हणाला, "आक्का, गेम बोलतोय विंडोजची भाषा आन् मशीनला कळती लिनक्सची. मधी दुभाष्या बसवायचाय." मी म्हटलं, बाबांसारखा? बाबा सिकंदराबादहून येणाऱ्या तेलुगू साहेबांचं बोलणं गँगमनांना मराठीत आणि गँगमनांच्या शिव्या साहेबांना गोड हिंदीत सांगायचे. तो खो खो हसला. म्हणाला, "तसाच. निस्ता शब्दाला शब्द लावून भागत न्हाई, दुभाष्याला दोगांचा सोभाव ठाऊक पाहिजे."

त्या दुभाष्या प्रोग्रामपायी त्यानं महिनेच्या महिने घातले. कधी नवी आवृत्ती लावायची, कधी ती काढून जुनी. कधी पडदा काळा, कधी आवाज आहे पण चित्र नाही. एकदा तर रूळ होते, आकाश होतं, आणि गाडीच नव्हती. मी मासे साफ करता करता विचारायचे, "काय करायलास रे?" तो म्हणायचा, "गाडी हुडकायलोय." परदेशातल्या अनोळखी माणसांना मोडक्या इंग्रजीत प्रश्न लिहायचा आणि उत्तर आलं की मला मोठ्यानं वाचून दाखवायचा, जणू घरी पाहुणे आलेत. ज्या रविवारी गाडी पहिल्यांदा पूर्णेच्या फलाटावरून हलली, त्या रविवारी त्यानं मला गादीची खुर्ची दिली, स्वतः प्लॅस्टिकच्या लाल स्टुलावर बसला, आणि रजियाभाभींना हाक मारून चहा करायला लावला. माझ्या हातचा चहा त्याला कधी आवडला नाही.

गाडी हलली खरी, पण हिसके देत. झाड आलं की हिसका, पूल आला की हिसका. मी म्हटलं, ड्रायव्हर पिऊन आलाय का? तेव्हा त्यानं समजावलं. दुभाष्याला प्रत्येक नवी गोष्ट पहिल्यांदा दिसली की ती मशीनच्या भाषेत उतरवून घ्यावी लागते, तेवढा वेळ गाडी अडखळते. एकदा उतरवली की ती त्याच्याजवळ राहते. "पैल्यांदा गेलं की अडखळतंय. दुसऱ्या खेपेला न्हाई. वाट वळखीची झालेली असती त्याच्या." आणि तसंच झालं. पुढच्या रविवारी पूर्णा ते चुडावा गाडी लोण्यासारखी गेली.

फक्त चुडाव्याच्या सिग्नलबाहेर ती थांबायची. चांगली पाच-सात मिनिटं. चित्र स्थिर, सगळं स्तब्ध... मग एकदम चालू लागायची. आता गंमत बघा. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं की मशीन अडकलं. आम्ही दोघांनीही तसं म्हटलं नाही. आम्हाला वाटलं क्रॉसिंग असेल. चुडाव्याला गाडी थांबायचीच, आमचं सगळं लहानपण त्यात गेलं. लाइन एक, समोरून दुसरी गाडी आली की ही बाजूला उभी. उतारू खाली उतरायचे, आमच्या नळावर पाणी प्यायचे, विड्या ओढायचे, आणि अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांना पोरींच्या लग्नाच्या गोष्टी सांगायची. तेव्हा आम्हीही हात मांडीवर ठेवून निवांत बसून राहायचो. "बस आक्का, समोरून येत असंल." कित्येक रविवार आम्ही त्या गोठलेल्या पडद्यासमोर समोरच्या गाडीची वाट बघितली. मग एकदा मीच विचारलं, "आरं, पण समोरून गाडी येताना कधी दिसली न्हाई ती?" मिलिंद माझ्याकडे बघतच राहिला. आणि मग आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

दोष निघाला एका घंटेचा. स्टेशन जवळ आलं की घंटा वाजायची होती, आणि तो आवाज ज्या प्रकारे साठवला होता तो प्रकार दुभाष्याला उमगत नव्हता. बिचारा तिथंच अडून बसायचा. मिलिंदनं तो आवाज दुसऱ्या प्रकारात बदलून घेतला. घंटा वाजली, टणटण, अगदी बाबांच्या वेळची, आणि गाडी सरळ चुडाव्यातून निघून गेली. एवढ्या खटाटोपानं नीट झालं आणि दोघांचेही चेहरे उतरलेले. पुढच्या रविवारी सिग्नल जवळ आल्यावर त्यानं आपण होऊन ब्रेक दाबला. "क्रॉसिंग हाय," म्हणाला. सिग्नल हिरवागार होता. मीही हात मांडीवर ठेवून बसले.

कारण आमचं खरं बोलणं त्या थांब्यातच व्हायचं. एरवी मिलिंद म्हणजे मुका. जेवताना हं, हां, बरं. पण गाडी चुडाव्याबाहेर उभी राहिली की तो बोलायचा. आई आजारी असताना त्यानं मला का कळवलं नव्हतं ते तिथं बोलला. जिच्याशी लग्न व्हायचं होतं तिचं नावही तिथंच सांगितलं, आणि पुन्हा कधी काढलं नाही. खरी लाइन आता दुहेरी झाली, गाड्या थांबत नाहीत, चांगलंच झालं. पण आमच्यासारख्यांना बोलायला गाडी थांबावी लागते.

एक मात्र होतं. तो गाडी नेहमी चुडाव्याकडेच न्यायचा. मी चिडवायचे, "कधी परभणीकडंबी ने की. मला घरी सोड." तर म्हणायचा, "तितं अजून गेलोच न्हाई आक्का. समदी वाट नवी. लय हिसके देईल." शेवटच्या त्या रविवारी गाडी थांबल्यावर मी त्याला विचारलं. आधीही विचारलं होतं, पण या खेपेला अगदी सरळ. म्हटलं, "मिल्या, नोकरीचं थोडंच राह्यलंय. माझ्याकडं ये राहायला. वरची खोली रिकामी हाय. तू हितं एकटा, मी तितं एकटी, कुणासाठी?" तो पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "क्रॉसिंग होऊ दे, मग सांगतो." तेवढ्यात माझ्या गाडीची वेळ झाली. खऱ्या गाडीची. मी डबा आवरला, चपला घातल्या. दारापर्यंत आला, म्हणाला, "पुढच्या ऐतवारी सांगतो."

जलदान विधीला पाहुणेरावळे जमले. भंतेजींनी परित्राण पाठ घेतला, पंचशील झालं, सगळ्यांनी त्याच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. मला त्या शांत स्वभावाचा राग येत होता. एक शब्द बोलला असता तर काय बिघडत होतं? हो म्हण, नाही म्हण. नाही म्हणाला असता तरी मी रागावून दोन रविवार गेले नसते आणि तिसऱ्या रविवारी मासे घेऊन गेलेच असते. आता हो-नाही दोन्ही नाही... आणि रविवार मात्र दर आठवड्याला येतो.

चुलतभाऊ संजयनं त्याचा कॉम्प्युटर माझ्याकडे परभणीला आणून जोडून दिला. चांगलं पोरगं आहे. म्हणाला, "आक्का, समदं पुसून विंडोजच टाकून देऊ का एखादं? तुमाला सोपं पडंल." मी इतक्या जोरात नको म्हणाले की तो दचकला. तेव्हा मला पुढचं काही ठाऊक नव्हतं. एवढंच वाटलं की त्याच्या हातचं आहे, कोणी पुसू नये.

पहिल्या रविवारी मी गाडी चुडाव्याकडे नेली. कशी न्यायची ते बघून बघून मला येत होतं. घंटा वाजली, मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. पंख्याचा आवाज, बाहेर भंगारवाल्याची हाळी. मी वाट बघितली. शाळेत चाळीस पोरांचा गोंधळ ऐकणाऱ्या बाईला शांतता हवीहवीशी वाटते असं लोक म्हणतात. त्या दुपारी मला ती शांतता सोसली नाही. मी गाडी तिथंच सोडून पडदा बंद केला आणि उन्हात जाऊन उभी राहिले.

गेल्या रविवारी म्हटलं, चुडाव्याला जायचंच नाही. दुसरीकडे जाऊ. पूर्णेहून परभणीकडचा रस्ता निवडला. हिसके बसणार हे ठाऊक होतंच, तो सांगून गेला होता. गाडी फलाटावरून सुटली आणि मी पहिल्या झाडाशी दात घट्ट मिटून बसले. झाड गेलं. पूल आला, गेला. मिरखेल गेलं. मला वाटलं माझंच काही चुकतंय. पिंगळी आलं, घंटा वाजली, तीही नीट, टणटण. कुठे अडखळणं नाही, कुठे हिसका नाही, सगळी वाट ओळखीची असल्यासारखी गाडी परभणीच्या फलाटावर येऊन उभी राहिली.

म्हणजे या वाटेनं आधी कोणीतरी येऊन गेलं होतं. मी पूर्णेहून निघाल्यावर, त्या तीन दिवसांत कधीतरी, सगळे हिसके एकट्यानं खात तो परभणीपर्यंत आला होता.

कोणी म्हणेल, सहज चालवली असेल. म्हणू दे. माझ्या भावाला मी ओळखते, तो सहज काही करत नसे. वरच्या खोलीत कॉम्प्युटर आहे, समोर माझी खुर्ची, शेजारी त्याचं लाल स्टूल. झाडताना कामवाली ते कोपऱ्यात सरकवते आणि मी पुन्हा जागेवर आणून ठेवते. माणूस एवढ्या लांबून आलाय, त्याला बसायला जागा पाहिजे.