बोलावणारी मैनाबाई

सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या दोन-तीन वर्षांत अमरावतीनं अशी काही मजा केली की विचारू नका. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या, वलगावच्या एका पाटलानं पोराच्या बारशाला अख्ख्या गावाला जेवू घातलं, आणि काल ज्यांना कुणी ओळखत नव्हतं त्यांना लोक वाकून रामराम करू लागले. महादेवराव हे असेच नव्यानं वर आलेले व्यापारी, पण माणूस मनानं मोठा. पैसा हाती खेळू लागला तसं त्यांनी ठरवलं, गावात मुलींची शाळा काढायची. सरकारपुढं हात पसरायचा नाही, आपली आपण चालवायची. पावसाळ्यात रिकामी पडलेली वखार त्यांनी शाळेला दिली आणि पुण्याकडून मोरोपंत नावाचे मास्तर आणवले. मात्र व्यापारी तो व्यापारीच. दिवाळीपर्यंत मुली जमल्या तर शाळा, नाहीतर नवा कापूस आला की वखार कापसाची, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

त्या काळी चांगल्या घरची मुलगी रस्त्यानं एकटी जात नसे. म्हणून मुलींच्या शाळेला एक बोलावणारी बाई लागायची. सकाळी घरोघर जाऊन हाका मारायच्या, मुलींना शाळेत आणायचं, सुटली की ज्याच्या-त्याच्या दारात सोडायचं. मोरोपंतांनी या कामावर मैनाबाईला ठेवलं. ती विधवा, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहणारी. अडवायला कुणी नाही, बाई साधी, असा पंतांनी विचार केला. पंत विद्वान खरे, पण सकाळच्या पहिल्या प्रहरी दारात विधवा उभी राहिली की गल्लीत काय होतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

व्हायचं तेच झालं. मैनाबाईची हाक आली की दारं लागायची. कुणाच्या मुलीला ताप, कुणाची मामाकडे गेलेली. जमुनेची आई गोदाबाई तेवढी तोंडावर बोलली. तिचा नवरा माल भरून गाड्या घेऊन खामगावच्या वाटेला लागलेला, आणि तिनं मैनाबाईला दारातच सांगितलं की मालक बाहेरगावी आहेत, सकाळी सकाळी तू येत जाऊ नको. मैनाबाईला राग आला नाही. खरं सांगायचं तर तिलाही ते पटत होतं, आणि हेच मला फार लागतं.

शाळेत चार-दोन मुली असायच्या, त्याही महादेवरावांच्या नात्यातल्या. पंत शिकवायचे आणि मैनाबाई उंबऱ्याशी बसून ऐकायची. भावाच्या घरी तिला दिवसभर कामाला तोटा नव्हता, पण हे कर आणि ते कर यापलीकडं तिच्याशी कुणी बोलत नसे. इथं अक्षरं कानावर पडायची. ऐकता ऐकता ती बोटानं मांडीवर गिरवायची. शाळा मोडली तर हे सुख जाणार होतं, आणि ती मोडणार आपल्याच पायगुणानं, हे तिनं मनाशी धरलं होतं.

अशात भाद्रपदाची पुनव आली आणि भुलाबाई बसली, पोरींचा महिनाभराचा सण. दिवस कलला की गल्लीतल्या पोरी या घरातून त्या घरात जायच्या, गाणी म्हणायच्या, झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायच्या. कुणाला बोलवायला माणूस लागत नव्हतं. एक निघाली की ती दुसरीला हाक मारायची, दोघी मिळून तिसरीला. गल्लीच्या तोंडाशी निंबाखाली उभं राहून मैनाबाई ते बघत होती. गोदाबाईची जमुना खिरापत द्यायला तिच्याकडे धावत आली आणि तिनं सरळ विचारलं, "मावशी, तू काहून नाई येत आता बोलवाले?"

"तुह्या मायले माह्यं तोंड सकायी चालत नाई."

जमुनेनं खोबऱ्याचा तुकडा चघळत थोडा विचार केला. "मंग तू इथंच उभी राय. आमी भुलाबाईले येतो तशा एकमेकीले घेऊन येतो."

आणि आल्या की! दुसऱ्या दिवशी जमुना निघाली, तिनं शेजारणीला हाक मारली, आणि निंबाखाली पोचेपर्यंत घोळका झाला. पोरीच पोरींना बोलावत होत्या, तेव्हा आयांनाही अडवायला निमित्त उरलं नाही. मैनाबाई सगळ्यांच्या मागं चालायची. रस्त्यात उधळलेला बैल असो की टवाळ माणूस, ती पुढं व्हायची, आणि पोरी घरी जाऊन ते आयांना सांगायच्या. कोजागिरीला भुलाबाई गेली तेव्हा मात्र ती दुसऱ्या दिवशी पहाटेच निंबाखाली जाऊन उभी राहिली. आता कशाला येतील पोरी? पण पोरींना तोवर वाचनाची गोडी लागली होती. त्या येतच राहिल्या.

दिवाळीच्या तोंडावर महादेवराव वखार बघायला आले. आयाही आपापल्या मुलींचं वाचन ऐकायला दाराआड उभ्या होत्या. जमुनेनं एका दमात धडा वाचला. महादेवराव इतके खूष झाले की कापसाच्या गाड्या त्यांनी दुसरीकडे वळवायला लावल्या. मग सहज विचारलं, इतक्या पोरी येतात कशा? पंतांनी खरं ते सांगितलं. महादेवराव म्हणाले, "पोरी आपल्या आपण येतात, तं मंग या बाईचं काम काय?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण शाळा वाचली होती, आणि मैनाबाईचीच जागा चालली होती.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. पदर पुढं ओढून गोदाबाई बोलत होती. "भाऊ, ते मागं असते म्हणून आमी पोरी पाठवतो. ते नसन, तं माही जमुना उद्यापासून येनार नाई."

बाकीच्या आयांनीही माना डोलावल्या. महादेवरावांनी हसून हात जोडले आणि विषय संपला. बाहेर पडता पडता गोदाबाई मैनाबाईपाशी थांबली. खाली बघत म्हणाली, "निंबाखाली नको उभी राहू आता. घरी येत जाय. सकायीच ये."

मैनाबाई तिथंच सगळ्यांदेखत रडली.

पुढं ती त्याच शाळेत लिहायला-वाचायला शिकली आणि पंत थकल्यावर लहान मुलींना अक्षरं घालून देऊ लागली. कापसाचा भाव उतरला, चांदीच्या शेंब्या गेल्या, शाळा राहिली. महादेवरावांचे आणि पंतांचे उपकार तिनं जन्मभर मानले. पण रोज सकाळी अंबादेवीच्या पायरीवर डोकं टेकवताना ती आधी गोदाबाईसाठी मागायची, आणि मग स्वतःसाठी काही मागायचं राहून जायचं.