फूल ठेवलेली खुर्ची

"काका, उठा. ही त्यांची खुर्ची आहे."

सिनेमा थांबवलेला. हॉलमधले सगळे दिवे लागलेले. दिवे लावायचं काम माझं, पण त्या दिवशी दुसऱ्याच कोणीतरी बटणं दाबली, मी सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर मी. हातात गुलाबाचं फूल. खुर्चीवर ठेवलेलं, माझ्याखाली चुरगळू नये म्हणून उचलून धरलेलं.

"पण ते तर येणार नाहीत ना," मी म्हणालो.

"प्रश्न तो नाही काका," फिल्म क्लबच्या सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या. "ते प्रतीक आहे."

मागून एकजण ओरडला, "काका डायरेक्ट तेहरानवरून आलेत वाटतं!"

हॉल हसला. शिकलेली माणसं सगळी. डॉक्टर, बँकेतले, प्राध्यापक. वाईट कोणी नाही त्यांच्यात. पण हसले सगळे.

मी उठलो. वर "सॉरी मॅडम" म्हणालो. फूल खुर्चीवर परत ठेवलं, मागे बटणांच्या बोर्डाजवळ गेलो, भिंतीला टेकून उभा राहिलो. दिवे मीच बंद केले. सिनेमा पुढे चालू.

ज्याच्या नावाने खुर्ची ठेवलेली तो सिनेमावाला इराणात. तिथलं सरकार त्याला देशाबाहेर सोडत नाही, म्हणून त्याच्या मानासाठी इथे डोंबिवलीत एक खुर्ची रिकामी. न येणाऱ्या माणसाला खुर्ची. आलेल्या माणसाला भिंत.

मी दिवा गावात राहतो. बाप मिठागरात राबला, मिठाने त्याचे पाय फुटलेले असायचे. माझी शाळा चौथीत संपली. मानपाड्याकडे रंगाच्या कंपनीत होतो, ती बंद पडली, तेव्हापासून या हॉलवर. खुर्च्या मांडायच्या, झाडू मारायचा, दिवे, पंखे, प्यायचं पाणी. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी फिल्म क्लबवाले येतात. शिपायाने बसायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही. कोणी सांगितलंही नाही कधी. माझ्या आधीचा शिपाई खुर्च्या मांडून झाल्या की मागे जाऊन उभा राहायचा. मी पण राहिलो. का राहतो, हे मी स्वतःला विचारलं नाही. त्यांनी तर नाहीच.

यंदा त्यांनी ठरवलं, वर्षभर या एकाच माणसाचे सिनेमे. सुरुवातीला क्लबचे अध्यक्ष, सर म्हणतात त्यांना, माइकवर त्याची माहिती देतात. मी भिंतीजवळून ऐकायचो.

गरिबाघरचा. लहानपणी बापाबरोबर पावाच्या भट्टीवर. कॅमेरा उसना आणलेला. पहिले सिनेमे पोराटोरांचे, त्यात जगभर नाव झालं. मग तो बायकांचं, कामगारांचं, तुरुंगाचं दाखवायला लागला, तसं सरकारचं डोकं फिरलं. उचलून नेला. चौकशीला भिंतीकडे तोंड करून बसवायचे. सोडताना सांगितलं, सिनेमा काढायचा नाही, देश सोडायचा नाही. याने घरातल्या घरात काढला. स्वयंपाकघरात, पडदे ओढून. त्यालाही परदेशात मोठं बक्षीस. घ्यायला दुसऱ्याला पाठवावं लागलं. मित्र म्हणाले, पळून जा. हा गेला नाही.

हे ऐकलं की माझ्या पायाला मुंग्या यायच्या. त्याला ते बसवत होते भिंतीकडे तोंड करून, मला हे उभं करत होते भिंतीला पाठ लावून.

त्याच्या सिनेमात नट नसतात. रस्त्यावरची माणसं असतात. त्या शनिवारच्या सिनेमात रेल्वे फाटकावरचा एक म्हातारा होता. गाडी आली की फाटक पाडतो. गेली की उचलतो. कोणी त्याच्याकडे बघत नाही. खाली इंग्रजीत ओळी येतात, त्या मला वाचता येत नाहीत. पण कॅमेरा त्या म्हाताऱ्याकडे बघतच राहतो. मला एवढा वेळ कोणी बघितलेलं नाही. डॉक्टरनेसुद्धा नाही.

माझा गुडघा धरला. सगळा हॉल भरलेला, ती एकच खुर्ची रिकामी. ती कशाला ठेवलीय ते सरांनी सांगितलेलं, मी ऐकलेलं. तरी गेलो, बसलो. मला वाटलं, जो त्या म्हाताऱ्याला एवढा वेळ बघतो, तो मला बस म्हणेल. त्याच्या खुर्चीचा मालक तोच ना? पण मालक दुसरेच निघाले.

सिनेमा संपल्यावर चर्चा झाली. सामान्य माणसाची प्रतिष्ठा, या विषयावर. मॅडमचे डोळे भरून आले. मग मी खुर्च्यांची थप्पी लावली. "काका, फूल फेकू नका हं," जाताना त्या म्हणाल्या.

घरी येऊन फेऱ्या मारत होतो. बायको म्हणाली, "काय झाला? आल्यापासून उभेच. बसा ना."

सांगितलं. तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"आन् तुमी उठलात?"

बस, एवढंच. हॉल हसला ते मी विसरलो असतो. हे विसरता येईना. टँकरच्या रांगेत उभा असलो तरी तेच. जेवायला बसलो तरी तेच. ताट पुढे ठेवून मध्येच उठायचो. आन् तुमी उठलात?

पुढच्या महिन्यातला क्लबचा शनिवार आला. खुर्च्या मांडल्या. त्याची मधली ठेवली. तिला लागून एक जास्तीची मांडली. दिवे बंद केले आणि पुढे जाऊन बसलो. सर अंधारातच आले, वाकून हळू बोलले.

"काका, मागे."

"नाही सर."

"अहो, तुम्हाला त्यातलं कळतं तरी का? खाली इंग्रजी आहे."

"वाचता येत नाही. बघता येतं."

"तमाशा करू नका. मला हॉलच्या ट्रस्टशी बोलावं लागेल."

"बोला. पण सिनेमा संपल्यावर. मागच्यांना दिसत नाही, तुम्ही मध्ये उभे आहात."

या वेळी कोणी हसलं नाही.  सर आपल्या जागेवर गेले. मी शेवटपर्यंत बसलो. सिनेमा काय होता विचाराल तर अर्धा डोक्यात शिरला नाही, परत कोण उठवायला येतंय तिकडेच कान होते. पण बसलो.

सोमवारी ट्रस्टच्या ऑफिसातून निरोप आला. या महिन्यापासून काम बंद. वय झालं म्हणे.

ठीक. शिपाई नाही तर नाही. भिंतीजवळ उभं राहायचं काम तर सुटलं. क्लबच्या बोर्डावर लिहिलंय, सर्वांना प्रवेश. एवढं मराठी मला वाचता येतं. क्लबच्या येत्या शनिवारी पुढच्या दाराने जाणार. ते फूल ठेवतील, त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसणार. त्याच्या पुढच्या महिन्यातही. माझी खुर्ची मांडली नसेल तर थप्पीतून काढून मांडीन, त्यातच आयुष्य गेलंय.

उठवायचं असेल तर चौघांनी धरून उठवा, दिवे लावून, सगळ्यांच्या देखत. माझ्या पायांनी मी उठणार नाही.